मेतकुटाच्या डबीचं झाकण

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मीनाक्षीस,

दादाचे अनेक आशीर्वाद, आणि एक तक्रार. तक्रार आधी घेतो, आशीर्वाद कुठे पळून जात नाहीत.

आपल्या दोन घरांत गेली चार वर्षं डब्यांची जी देवघेव चालू आहे, तिला आजवर गालबोट लागलेलं नव्हतं. इकडून मेतकूट गेलं की तिकडून शेंगदाण्याची चटणी आली, इकडून चकल्या गेल्या की तिकडून तुझ्या हणमंतरावांच्या गावची ज्वारी आली. रिकामा डबा ना कधी गेला, ना कधी आला. परवाच्या मंगळवारी मात्र मेतकुटाची डबी झाकणाशिवाय परत आली. तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर रबर! मीने, ही डबी साधीसुधी नव्हे. तिच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे: ‘चि. सुधन्वा, मौंजीबंधन, १९७८’. त्या मुंजीतलं आता माझ्याकडे दुसरं काय उरलंय? शेंडी आठवड्यात गेली, संध्या दहावीत सुटली, केस गेली दहा वर्षं सुटतायत. माझ्यावर संस्कार झाल्याचा तेवढा एक लेखी पुरावा होता, तो तू हरवलास. आमच्या सेक्शनमध्ये असं घडतं तर फाइल उघडून तुझा खुलासा मागवला असता.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘हो दादा’ म्हणतेस आणि पुढचा शब्द हॉर्नचा असतो. माल वाहणाऱ्या गाड्यांना सकाळ-संध्याकाळ शहरात बंदी, म्हणून तू येतेस भर दुपारी. त्या वेळी मी मंत्रालयात बसून सरकारी आदेशांचं हिंदी करत असतो. त्यामुळे मानेसर ते आर. के. पुरम या तासाभराच्या अंतरावर राहणारी आपण भावंडं कॉलनीच्या चौकीदारामार्फत भेटतो. डब्याबरोबर चिठ्ठी हवी, हा नियम अण्णासाहेबांचा. वडील गेले, पण नियम तुझ्या पिकअपसारखा अजून चालतोय.

तिची प्रकृती कशी आहे? (संस्कृत नाटकात वयस्क बाईला ‘आर्ये’ म्हणून हाक मारतात. तुझ्या गाडीला मी यापुढे आर्या म्हणणार आहे. तेरा वर्षांच्या पिकअपला नुसतं ‘गाडी’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.) चौकीदार परवा म्हणाला, “साहब, दीदी की गाड़ी पीछे से बैठ गई है।” म्हटलं, बसू दे बाबा, वय झालंय.

भाऊबीज जवळ आली. लतिका विचारते, साडी मोरपंखी घेऊ की तुझा काही वेगळा हट्ट आहे?

झाकणाच्या प्रतीक्षेत,
दादा


मानेसर
२३ सप्टेंबर

प्रिय दादा,

सा. न. झाकण शोधतेय. मिळेल. इतकं काय यार, एका झाकणाचं!

साडी नको. वहिनीला सांग, गेल्या वर्षीचीच घडी मोडलेली नाही. मी सकाळी साडेसहाला पंजाबी ड्रेसवर हणमंतचा जुना शर्ट चढवून गाडी काढते. मोरपंखी नेसून कुठे जाऊ, वजनकाट्यावर?

मला भाऊबीजेला पाटे दे. हसू नकोस. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगला लोखंडी पट्ट्या असतात ना, एकावर एक रचलेल्या, त्यांना पाटे म्हणतात. आमचे जुने आता दमलेत. डाव्या-उजव्या बाजूला एकेक जाड पाटा जास्तीचा टाकायचाय. करोल बागेत मिळतात. माप मागे लिहून दिलंय, दुकानदाराला फक्त कागद दाखव, भाषण देऊ नकोस.

कशाला हवेत ते सांगते, नाहीतर तू विचारत बसशील. मी कारखान्यातून लोखंडी साचे उचलते आणि मायापुरीला दुरुस्तीच्या वर्कशॉपात नेते. एकेक साचा म्हणजे नऊशे किलोचा ठोकळा. भरताना तिथे काटा-बिटा काही नसतो. डिस्पॅचवाला खाली वाकतो आणि टायर आणि हौद्याच्या मधल्या फटीत बोटं घालून बघतो. चार बोटं आत गेली तर ठीक. तीनच गेली की म्हणतो, “बस, मैडम, हो गया।” सगळ्यांच्या गाड्या अशाच भरतात. आता आमची म्हातारी एका साच्यातच तीन बोटांवर येते. दुसरा साचा मागे राहतो. नवीन गाडीवाला दोन्ही एकदम उचलतो. दिवाळीनंतर काम एकाच गाडीला देणार आहेत. ते गेलं तर घरात हणमंतची इन्सुलिन आणि मी, दोघीच बसू.

बाकी गाडी ठीक. दरवाजा आतून दोरीने उघडतो, बाहेरून लाथेने. स्टार्टर रुसतो म्हणून उतारावरच उभी करते. गॅसच्या सिलिंडरची टेस्ट पास झाली. अजून दोन वर्षं कागदावर आयुष्य आहे, मग भंगार. हणमंतला आता माणसांचे फक्त आकार दिसतात, पण कान बिल्कुल तेज. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की गॅलरीतूनच ओरडतो, “डावं मागचं बेअरिंग!” आणि तेच निघतं. चार वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने चावी दिली, पण गाडी काही दिली नाही.

वहिनीला सांग, चकल्या मस्त होत्या.

मीना


आर. के. पुरम
११ ऑक्टोबर

चि. मीनाक्षीस आशीर्वाद.

आजवर भाऊबीजेला मी तुला साड्या दिल्या, एकदा मिक्सर दिला, एकदा (मी बेकार असताना) स्वतः रचलेले आठ श्लोक दिले, ज्यांबद्दल तू मला अद्याप क्षमा केलेली नाहीस. पण ओवाळणीत पोलाद देणारा भाऊ आपल्या कुळात मीच पहिला.

करोल बागेतल्या दुकानदाराने कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग चष्म्याकडे पाहिलं. “ड्राइवर कौन है?” म्हटलं, बहन. त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मी एकच प्रश्न विचारला, की हे टाकल्यावर गाडी मागून बसणार तर नाही ना? तो म्हणाला, “साहब, ये डलवा लो, फिर जितना मर्ज़ी भरो, बैठेगी नहीं।” एवढी निःसंदिग्ध भाषा सरकारी आदेशांत कधी वाचायला मिळत नाही. मी लगेच घेतले.

पुढे मेट्रो. पाटे यंत्रातून गेले आणि यंत्र थांबलं. जवान म्हणाला, “सर, ये क्या है?” मी म्हटलं, भाऊबीज. त्याने साहेबाला बोलावलं. साहेबाला मी यम आणि यमीची कथा सांगायला सुरुवात केली. यम हा शब्द ऐकताच त्याने मला पाट्यांसकट स्टेशनबाहेर नेऊन सोडलं. मग ई-रिक्षा. मांडीवर साडेतीन फुटी पोलाद, शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर कोंबडी. कोंबडी माझ्याकडे जास्त संशयाने बघत होती.

लतिकाने दारात बघून एवढंच विचारलं, “हे ओवाळायचं की ओवाळून घ्यायचं?” आता दोन्ही पाट्यांवर तिने हळदकुंकू लावून ठेवलंय. पुढच्या खेपेला चौकीदाराकडून घेऊन जा. भाऊबीजेला ताटात ठेवण्यात अर्थ नाही, ताटच वाकेल.

झाकण?

दादा


मानेसर
२६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

परवा भाऊबीजेला बोलायला जमलंच नाही. तू अर्धा वेळ खाली गाडीभोवतीच फिरत होतास. कॉलनीतली मुलं विचारत होती, अंकल गाड़ी से बात कर रहे हैं क्या?

पण बघितलंस ना? नव्या नवरीसारखी ताठ उभी राहते! शुक्रवारी दोन्ही साचे एकदम नेले. डिस्पॅचवाला खाली वाकला, चार बोटं घातली, पाचवं पण घातलं. वर बघून म्हणाला, “मैडम, अभी तो जगह है।” आणि वर बेस प्लेटची पेटी ठेवली. दुसरा गाडीवाला बघतच राहिला. काम आपल्याकडेच राहिलं, दादा. पक्कं.

हणमंत काही काही कुरकुर करतो. तो करतच असतो. फराळाचे डबे दोन्ही रिकामे परत पाठवत नाहीये, एकात अनारसे आहेत.

झाकण शोधतेय म्हटलं ना.

मीना


आर. के. पुरम
१४ नोव्हेंबर

चि. मीनाक्षीस आशीर्वाद.

काल चौकीदाराने मला फाटकावर थांबवून सांगितलं, “साहब, दीदी की गाड़ी तो जवान हो गई।” मी त्याला तिळमात्र विनय न दाखवता म्हणालो, हमने कराई है.

मला जन्मात प्रथमच वाटलं, की माझ्या हातून कुणाचं तरी काही प्रत्यक्ष काम झालं. तीस वर्षं मी ‘नियमानुसार आवश्यक कार्रवाई करें’ लिहितोय. कुणी कधी काही केल्याचं ऐकिवात नाही. आणि इथे मी दोन पट्ट्या आणल्या, तर आठवड्याला चार-पाच टन लोखंड हलतंय! ऑफिसात मी हे दोघांना सांगितलं. एक जण म्हणाला, “आप तो ट्रांसपोर्टर निकले।” मी अजिबात खंडन केलं नाही.

अनारसे लतिकाने लपवले आणि मी शोधले. तुझं झाकणाचं तसं का होत नाही? हणमंतरावांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष कर. आर्या ताठ झाली, आता त्यांना ऐकायला काही उरलं नाही, हे त्यांचं दुःख असावं.

दादा


मानेसर
१७ डिसेंबर
(स्पीड पोस्टने)

ती. दादा,

सा. न. वि. वि. आम्ही दोघे मजेत आहोत. दिल्लीत प्रदूषणामुळे मालाच्या गाड्यांना बंदी घातली आहे, त्यामुळे सध्या येणं बंद आहे. काळजी करू नये. वहिनींना नमस्कार. हवा फार खराब आहे, मास्क लावत जा.

तुझी,
मीनाक्षी


आर. के. पुरम
२१ डिसेंबर
(पोस्टाने)

चि. मीनाक्षीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जुन्या पोथीची चिकित्सा करताना आधी बघतात, की मजकूर मूळ लेखकाचाच आहे, की मागून कुणी घुसडला. तुझं सहा ओळींचं पत्र मी त्या पद्धतीने तीनदा वाचलं. निष्कर्ष कळवतो.

पहिलं, ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘काळजी करू नये’. अशी भाषा तू आयुष्यात फक्त एकदा वापरलीस, हणमंतरावांशी लग्न ठरल्याचं अण्णासाहेबांना कळवताना. दुसरं, अक्षर. अक्षर नीट आहे. हळूहळू, एकेक काढून लिहिलेलं आहे. तू हळू लिहीत नाहीस, तुझा ‘मी’ आणि ‘ना’ सुद्धा धावत असतात. तिसरं, बंदी. मीने, बंदीचे असे आदेश हिंदीत कोण करतं, ठाऊक आहे तुला? ‘सीएनजी वाहनों को छूट रहेगी’ हे वाक्य याच हातांनी लिहिलेलं आहे. तुझी आर्या गॅसवर चालते. तिला कुणी अडवलेलं नाही.

तेव्हा पाठ शंकास्पद. मी ताडलं आहे ते असं: हणमंतरावांची नजर आणखी उतरली, तू घरी त्यांच्यापाशी अडकलीस, आणि मला कळवलं तर मी रजा टाकून येईन आणि चांगल्या डॉक्टरवर व्याख्यान देईन, या भीतीने तू प्रदूषणामागे लपलीस. बरोबर? असेल तर सांग. व्याख्यान देणार नाही. लतिकाने लेखी हमी घेतली आहे.

गाडी ठीक आहे ना? तिच्याबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस, हे चौथं. पण ती ठीक असणार. पाटे नवे आहेत.

दादा


मानेसर
३० डिसेंबर
(पोस्टाने)

प्रिय दादा,

हणमंतचे डोळे आहेत तसेच आहेत. तुझा नेम चुकला.

पाच तारखेला मानेसरच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. दोन साचे होते. पेडल थेट खाली गेलं, जसं काही जोडलेलंच नाही. तिसरा गिअर, मग दुसरा, मग हँडब्रेक. पुढे शिफ्ट सुटलेल्या पोरांचा शेअर ऑटो होता, आठ-नऊ जण असतील, मागे दोन लटकलेले. त्याच्या डावीकडून काढली. रस्त्याचं काम चालू आहे ना, तिथे खडीचा ढीग होता. त्यात घातली. थांबली. साचा केबिनच्या मागे येऊन आदळला आणि माझं मनगट स्टिअरिंगमध्ये मुरगळलं. एवढंच. पट्टा होता तीन आठवडे, म्हणून अक्षर नीट. कोणाला काही झालं नाही. ऑटोवाल्याने मागे वळून शिव्या दिल्या आणि गेला. त्याला कळलं पण नाही.

आता सगळं दुरुस्त झालंय. ब्रेकचे पाइप, लायनिंग, ऑइल, सगळं नवीन टाकलं. मिस्त्री म्हणाला जुना पाइप होता, होतं असं. बॉनेट वाकडं बसतं, बाकी चालू. पाच जानेवारीपासून परत कामावर. काम दुसऱ्या गाडीकडे गेलं नाही, डिस्पॅचवाल्याने थांबवून ठेवलं, चांगला माणूस आहे.

तुला सांगितलं नाही कारण तुला सांगून काय होणार होतं? तू काळजी करशील, आणि मग तिच्यावर काहीतरी छान लिहिशील.

एक सांगते, आता सांगायला हरकत नाही. हणमंत ऑक्टोबरपासून बोलत होता. गाडी निघाली की म्हणायचा, “आवाज जड आहे मीना, जास्त भरलीयेस.” मी म्हणायचे, कुठे जड, चार बोटं फट आहे. तो म्हणाला, फट बघू नको, आवाज ऐक. मी म्हटलं, पाटे दादाने दिलेत. दादा काय वेडा आहे का? मग तो गप्प बसला. तुझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसतो, तुला माहितेय.

वहिनीला यातलं सगळं सांगू नकोस.

मीना


आर. के. पुरम
१० जानेवारी २०२६

चि. मीने,

काल तू आलीस तेव्हा मी घरी येत होतो. अर्धी रजा टाकली होती. तू वर लतिकाकडे चहा पीत होतीस. खाली तुझी गाडी उभी होती, वाकडं बॉनेट उघडं, आणि चौकीदार रेडिएटरमध्ये पाणी घालत होता. मी वर आलो नाही. आलो असतो तर व्याख्यान दिलं असतं, तू ‘हो दादा’ म्हणाली असतीस, आणि चहा संपला असता. म्हणून मी गाडीपाशी पाच मिनिटं थांबलो, मग जाऊन बागेतल्या बाकावर बसलो, तू जाईपर्यंत.

इतके दिवस मी तुझ्या पत्रांवरून अनुमानं काढली. काल प्रत्यक्ष पाहिलं.

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. तिला झाकण नाही. तिच्या तोंडावर स्टीलचं एक छोटं झाकण आहे, ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेलं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलंय, चि. सुधन्वा, मौंजीबंधन, १९७८. तू सप्टेंबरपासून शोधत होतीस ते. रबर ओढून बघितलं, झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. सगळे ब्रेक नवे टाकलेस आणि झाकण पुन्हा तेच लावलंस.

मग मागे गेलो. डिस्पॅचवाल्यासारखा वाकलो, गुडघ्यांनी कुरकुर केली. टायर आणि हौद्याच्या मध्ये बोटं घातली. चार गेली. हौद्यात ताडपत्रीखाली दोन साचे. समोर काचेपाशी गेट पास ठेवलेला होता, वजन १,८६० किलो. दारावर पांढऱ्या रंगात गाडीची माल उचलण्याची ताकद लिहिलेली असते, तीही वाचली. १,२०० किलो. तेरा वर्षांपूर्वी, गाडी नवी असताना.

आज सकाळी करोल बागेत गेलो, त्याच दुकानात. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण नीट नसेल तर जास्तच. मग जड माल घेऊन उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल पोकळ होतं. शिवाय पाटे टाकले म्हणजे गाडी वाकत नाही, एवढंच. ब्रेक तेवढेच राहतात, अॅक्सल तेवढाच राहतो. मी विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “आपने पूछा ही नहीं, साहब। आपने पूछा था, बैठेगी तो नहीं।”

खरं आहे. मी तेच विचारलं होतं. चौकीदार माझ्याकडे बघून ‘बैठ गई’ म्हणाला होता, ते मला बोचलं होतं.

आणि ती बसत होती म्हणूनच तर डिस्पॅचवाला तीन बोटांवर थांबायचा. तुमच्या त्या कारखान्यात काटा नाही, कागद कुणी वाचत नाही. तुझ्या गाडीत जास्त झालं हे सांगणारी एकच गोष्ट होती, तिचं वाकणं. ती मी काढून टाकली. हळदकुंकू लावून. त्यानंतर सांगायला हणमंतराव तेवढे उरले होते, त्यांना तू माझं नाव घेऊन गप्प केलंस. आणि मी तुला लिहिलं, त्यांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष कर. हे वाक्य मी काल रात्री पुन्हा वाचलं नाही, आठवलं तेवढं पुरलं.

डब्यात चिवड्याच्या खाली कागदात गुंडाळलेलं ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण आहे. तुझ्याच गाडीच्या मापाचं, दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतलेलं. ते लावण्याआधी आतलं ऑइल काढून टाक, नवं भर. माझं झाकण परत करू नकोस. मेतकुटाला प्लास्टिकची पिशवी चालते, मी महिनाभर खाऊन पाहिलंय.

पाटे मात्र परत दे. भाऊबीजेचं दिलेलं भावाने परत मागायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी मागतोय. शनिवारी मी मानेसरला येतो. दुकानदाराने तिथल्या एका मिस्त्रीचा नंबर दिलाय, त्याच्याशी बोललो. तो काढून देईल. मग गाडी पुन्हा एका साच्यात बसेल आणि दुसऱ्या साच्याचं काम दुसऱ्या गाडीकडे जाईल. ते गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. त्यावर आपण तिघं बसून बोलू. हणमंतरावांना सांग, या वेळी त्यांनी बोलायचं आणि मी ऐकायचं. तू नाही म्हणालीस तर वाद घालणार नाही, पण येईन.

तुला एक कधी सांगितलं नाही. तुझ्या येण्याच्या दिवशी बारा ते दोन मी ऑफिसात काही काम करत नाही. तुला फोन करत नाही, कारण तू स्टिअरिंगवर असशील. चौकीदाराला करतो. दीदी आई? तो म्हणतो, हां जी. मग मी डबा उघडतो. गेली चार वर्षं असंच आहे. डिसेंबरात तो रोज म्हणत होता, नहीं जी. सोळा दिवस म्हणत होता. मी ते ऐकून फोन ठेवायचो, आणि शेवटी बसून तुला तुझ्या अक्षरावर पत्र लिहिलं.

मला भीती वाटते, मीने. एखाद्या दुपारी तू तो उतार उतरून येणार नाहीस, याची.

दादा